मोटारसायकलचे ब्रेक पॅड घरच्या घरी कसे बदलावेत?

कापडाचा व्यापारी माल मोजून घेतो. ताग्याचा पन्हा दोन बोटे कमी भरला तर तो माल परत करतो. सराफ गुंजभर सोनेसुद्धा तोलून घेतो, सुतार सुताने मोजतो. परंतु ज्या मोटारसायकलवर आपण माल, पैसा आणि जीव घेऊन रोज फिरतो, तिच्या ब्रेकमध्ये किती मिलिमीटर शिल्लक आहे, हे आपल्यापैकी फार थोडे लोक पाहतात. आम्हीही पाहत नव्हतो. त्याची किंमत आमच्या घराने मोजली, म्हणून हा लेख लिहीत आहोत.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत छोट्या व्यापाऱ्याचे अर्धे दुकान दोन चाकांवरच असते. कटपीसवाला, बांगडीवाला, मसाला विकणारा, भांडीवाला, फेरीवर जाणारा कारागीर, सर्वांची गाडी मोटारसायकलच. सकाळी मागच्या सीटवर गठडी बांधायची, एरंडोल, पारोळा, अमळनेर, चोपडा, शिरपूर, साक्री अशा ठिकाणचे बाजार करायचे आणि रात्री परत यायचे. गाडी एक दिवस बंद पडली तर त्या दिवसाची रोजी बुडते. म्हणूनच गाडी जोपर्यंत चालते तोपर्यंत आपण ती चालवतो. ती थांबते की नाही, याचा विचार मागे पडतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही मालेगावहून माल घेऊन धुळ्याकडे येत होतो. मागे भाचा बसला होता आणि दोन्ही बाजूंना गठड्या होत्या. पुढच्या ब्रेकमधून पंधरा दिवसांपासून किर्र असा आवाज येत होता. धूळ गेली असेल, पावसाळ्यात धुऊन निघेल, असे म्हणून आम्ही टाळत होतो. लळिंगच्या उतारावर पुढचा ट्रक अचानक हळू झाला. आम्ही ब्रेक दाबला. आवाज मोठा झाला, पण गाडी हवी तेवढी थांबली नाही. ट्रकला वाचवून गाडी कडेच्या मुरुमात घातली आणि आम्ही दोघे पडलो. आम्हाला खरचटण्यावर निभावले. भाच्याचे मनगट मोडले. तो शिवणकाम करतो. ऐन लग्नसराईत त्याला दोन महिने मशीनवर बसता आले नाही.

नंतर गॅरेजमधील उस्तादांनी आमच्या गाडीचे जुने पॅड काढून आमच्या तळहातावर ठेवले. एका पॅडवर मसाल्याचा अंशही उरला नव्हता, नुसती लोखंडी पट्टी होती. ते म्हणाले, "शेठ, हा आवाज धुळीचा नव्हता. लोखंडावर लोखंड घासत होते." त्या घासण्याने डिस्कवर खोल चरे पडले होते, त्यामुळे डिस्कही बदलावी लागली. काही शे रुपयांचे पॅड वेळेवर न बदलल्याने पॅड, डिस्क आणि दवाखाना असा तिहेरी खर्च झाला. भाच्याची बुडालेली मजुरी आम्ही भरून दिली, पण त्याने सहन केलेली दुखण्याची भरपाई कोण करणार? दोष दुसऱ्या कोणाचा नव्हता, आमच्या आळसाचा होता.

त्या दिवसापासून आम्ही उस्तादांच्या शेजारी बसून हे काम शिकलो. आता घरच्या दोन्ही गाड्यांचे पॅड आम्ही स्वतः पाहतो आणि स्वतः बदलतो. काम अवघड नाही, मात्र त्यात दोन-तीन ठिकाणी गफलत चालत नाही. ती ठिकाणे कोणती, हेच येथे सांगायचे आहे.

ब्रेक काम कसा करतो?

मोटारसायकलला दोन प्रकारचे ब्रेक असतात. जुना प्रकार ड्रमचा. यात चाकाच्या पोकळ डब्यात अर्धगोल आकाराचे दोन ब्रेक शू असतात, त्यांनाच आपल्याकडे लायनर म्हणतात. ब्रेक दाबला की ते फाकतात आणि डब्याच्या आतल्या भिंतीला घासतात. दुसरा प्रकार डिस्कचा. यात चाकाबरोबर फिरणारी पोलादी थाळी असते. तिच्या दोन्ही अंगांना दोन पॅड असतात. हँडलवरील लिव्हर दाबली की ब्रेक ऑइलचा दाब नळीतून कॅलिपरमध्ये येतो, कॅलिपरमधील पिस्टन पॅडला ढकलतो आणि दोन्ही पॅड थाळीला चिमट्यासारखे पकडतात.

आपल्या पिढीने राजदूत, लुना आणि सुरुवातीच्या हिरो होंडा गाड्या पाहिल्या, त्या सर्व ड्रमच्या. १९९९ साली आलेली हिरो होंडा सीबीझेड आणि २००१ साली आलेली बजाज पल्सर यांच्यामुळे पुढच्या चाकाचा डिस्क ब्रेक आपल्या बाजारात सर्वांच्या ओळखीचा झाला. १ एप्रिल २०१९ पासून नव्या दुचाकींसाठी १२५ सीसीच्या वर एबीएस, तर १२५ सीसीपर्यंत एबीएस किंवा दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस व्यवस्था सक्तीची झाली. यंत्र सुधारले, पण कोणत्याही व्यवस्थेत शेवटी थांबवणारी वस्तू म्हणजे पॅडवरील किंवा लायनरवरील तो मसाल्याचा थर. तो संपला की एबीएसही काही करू शकत नाही.

ओझ्याचा हिशोब व्यापाऱ्याने नीट समजून घ्यावा. समजा गाडी १२० किलोची आणि चालवणारा ७० किलोचा, म्हणजे १९० किलो. त्यावर ६० किलोच्या गठड्या ठेवल्या की २५० किलो झाले. तेवढ्याच वेगातून गाडी थांबवताना ब्रेकला आता जवळपास एक तृतीयांश काम जास्त करावे लागते. वेगाचा हिशोब आणखी कडक आहे. वेग दुप्पट झाला तर ब्रेकचे काम दुप्पट नव्हे, चौपट होते. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे जाते. म्हणजे समोरचा धोका पाहून हात लिव्हरवर जाईपर्यंतच एका दुकानाची लांबी ओलांडली जाते. पुढचे काम पॅडचे.

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी शंभरात ४४ हून अधिक दुचाकीवरील होती. यांतील सर्वच अपघात ब्रेकमुळे झाले असे नाही, परंतु चांगला ब्रेक ही आपल्या हातातली गोष्ट आहे. कायद्याची बाजूही आहे. असुरक्षित स्थितीतील वाहन जाणूनबुजून रस्त्यावर चालवणे हा मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १९० नुसार गुन्हा आहे.

पॅड झिजले हे कसे ओळखावे?

किती किलोमीटरवर पॅड बदलावे, असे पुष्कळ लोक विचारतात. याचे एकच उत्तर देता येत नाही. गावात सतत ब्रेक दाबणाऱ्याचे पॅड लवकर जातात, सरळ महामार्गावर चालवणाऱ्याचे टिकतात. आपल्या खान्देशात उन्हाळ्यातील धूळ आणि पावसाळ्यातील काळ्या मातीचा चिखल पॅड आणि थाळीच्या मध्ये जाऊन बसतो व दोघांनाही खातो. म्हणून किलोमीटरवर न जाता डोळ्यांनी पाहावे. आठवड्यातून एक दिवस ठरवून दोन मिनिटे द्यावीत.

टॉर्च घेऊन कॅलिपरमध्ये पुढून किंवा मागून पाहा. लोखंडी पट्टी आणि थाळी यांच्या मध्ये जो काळसर थर दिसतो, तो मसाला. बहुतेक पॅडवर मसाल्यात एक खाच असते. खाच पुसट झाली की पॅड संपत आला असे समजावे. खाच दिसत नसेल तर जाडी पाहा. थर दोन मिलिमीटरपर्यंत आला की नवीन पॅड आणून ठेवा. एक मिलिमीटरची वाट पाहू नका. दोन्ही पॅड पाहा, कारण कॅलिपर अडकत असेल तर एक झिजतो आणि दुसरा तसाच राहतो. आमच्या बाबतीत हेच झाले होते. बाहेरचा पॅड बरा दिसत होता, आतला संपला होता.

दुसरी खूण ब्रेक ऑइलच्या डबीत असते. पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर येतो आणि डबीतील ऑइलची पातळी खाली उतरते. बरेच लोक पातळी कमी दिसली की वरून ऑइल ओततात. त्यामुळे खूण पुसली जाते आणि पुढे पॅड बदलताना ऑइल बाहेर सांडते. पातळी उतरली तर आधी पॅड पाहावेत. पॅड चांगले असूनही पातळी उतरत असेल तर कोठेतरी गळती आहे, मग गाडी सरळ गॅरेजमध्ये न्यावी.

तिसरी खूण आवाज. सकाळी ओल्या ब्रेकचा आवाज दोन-चार वेळा दाबल्यावर जातो. जो आवाज जात नाही, तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

पॅड घेताना

दुकानात गाडीचे नाव, मॉडेल आणि साल सांगावे आणि शक्य तर जुना पॅड बरोबर न्यावा. एकाच नावाच्या गाडीत सालागणिक कॅलिपर बदललेला असतो. गाडीच्या कंपनीचे किंवा नावाजलेल्या कंपनीचे पॅड घ्यावेत आणि बिल मागावे. आपण स्वतः बाजारात बसणारे लोक आहोत. नावाची नक्कल करून हलका माल विकला जातो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. ज्या डब्यावर कंपनीचे नाव व पत्ता, छापील किंमत आणि तयार केल्याची तारीख स्पष्ट नाही तो पॅड पन्नास रुपये स्वस्त असला तरी घेऊ नये. साडीचा रंग गेला तर गिऱ्हाईक परत येऊन भांडते. पॅडचा मसाला उतारावर सुटला तर भांडायला वेळ मिळत नाही.

पॅड नेहमी जोडीने बदलावेत. एक नवा, एक जुना असे करू नये.

काय काय लागेल?

गाडीच्या बोल्टच्या मापाचे पाने आणि ॲलन की, एक जुना टूथब्रश, स्वच्छ चिंध्या (कापडवाल्याकडे त्यांची कमी नाही), सुतळी किंवा तार, सुई काढलेली इंजेक्शनची नवी सिरिंज, साबणाचे पाणी किंवा ब्रेक क्लिनरचा स्प्रे, ब्रेकसाठी मिळणारे सिलिकॉन ग्रीस आणि डबीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचे ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असे लिहिलेले असते, तेच घ्यावे. ब्रेक ऑइल हे नाव असले तरी ते इंजिन ऑइल नव्हे. इंजिन ऑइलचे चार थेंब जरी त्या डबीत गेले तरी आतली सर्व रबरे फुगून निकामी होतात.

गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका शोधून काढावी. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले, पुस्तिका इंग्रजीत. मुलाला शेजारी बसवून चित्रांवरून अर्थ लावला. लाज वाटण्याचे कारण नाही. बोल्ट किती जोराने आवळायचा, त्याचे आकडे त्यातच असतात.

प्रत्यक्ष काम

बाजाराच्या दिवशी सकाळी घाईत हे काम काढू नये. सुटीचा दिवस निवडावा. गाडी सपाट फरशीवर मेन स्टँडवर लावावी. नुकतीच चालवलेली असेल तर अर्धा तास थंड होऊ द्यावी, थाळी तव्यासारखी तापलेली असते.

पहिले काम डबीचे. टाकीवर आणि डबीभोवती चिंध्या पसराव्यात, कारण ब्रेक ऑइल रंग खाते. सांडले तर लगेच पाण्याने धुवावे. झाकण पुसून मगच उघडावे. ऑइल वरच्या खुणेपर्यंत असेल तर सिरिंजने थोडे काढून घ्यावे. झाकण नुसते वर ठेवावे.

दुसरे काम पॅडच्या पिना सैल करणे. कॅलिपर गाडीवर घट्ट असतानाच पिनांना अर्धा आटा ढिले करावे. कॅलिपर हातात आल्यावर जोर लावता येत नाही. काही गाड्यांत पिनेवर धूळरोधक टोपी असते, ती आधी काढावी.

तिसरे काम कॅलिपर उतरवणे. त्याचे दोन बोल्ट काढून कॅलिपर थाळीवरून अलगद सरकवावा. तो ब्रेकच्या नळीवर लटकत ठेवू नये, सुतळीने बांधून ठेवावा. काही गाड्यांत कॅलिपर न उतरवताही पॅड निघतात, ते पुस्तिकेत पाहावे.

येथून पुढे एक गोष्ट घरातील सर्वांना सांगून ठेवावी. पॅड बाहेर असताना ब्रेकची लिव्हर कोणीही दाबायची नाही. दाबली तर पिस्टन बाहेर निघून येतो, ऑइल सांडते आणि घरचे काम गॅरेजचे होते. लहान मुलांना गाडीपासून लांब ठेवावे.

चौथे काम जुने पॅड काढणे. काढण्यापूर्वी मोबाईलवर दोन-तीन बाजूंनी फोटो घ्यावा. आत एक पातळ स्प्रिंगची पट्टी असते, ती कशी बसली होती हे नंतर आठवत नाही.

पाचवे काम सफाई. आतली धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नये. पूर्वी ब्रेकच्या मसाल्यात ॲस्बेस्टॉस वापरत असत. ॲस्बेस्टॉसच्या धुळीने फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे. आजही डब्यावर ॲस्बेस्टॉसमुक्त असे लिहिले नसेल तर आत काय आहे हे बाहेरून कळत नाही. म्हणून नाकावर रुमाल बांधून ओल्या चिंधीने आणि ब्रशने धूळ पुसावी. आमच्या गॅरेजवाल्या बांधवांना विशेष विनंती, कॉम्प्रेसरची हवा मारून ड्रम साफ करण्याची सवय सोडावी. ती धूळ दिवसभर तुमच्या आणि तुमच्या शागिर्दांच्या छातीत जाते.

पिस्टनचा बाहेर आलेला भाग साबणाच्या पाण्याने पुसून कोरडा करावा. पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेल तेथे लावू नये, रबरे खराब होतात.

सहावे काम पिस्टन आत ढकलणे. नवे पॅड जाड असतात, त्यांना जागा हवी. जुना पॅड पिस्टनवर ठेवून अंगठ्यांनी सरळ आणि हळूहळू दाबावे. दोन पिस्टन असतील तर एक दाबताना दुसरा बाहेर येऊ पाहतो, त्याला धरून ठेवावे. मध्ये मध्ये डबीकडे नजर ठेवावी. ऑइल वर येत असेल तर सिरिंजने काढावे. पिस्टन हाताच्या जोराने सरकतच नसेल तर पेचकस खुपसून जबरदस्ती करू नये. तो अडकला आहे, येथे थांबावे.

सातवे काम सरकत्या पिनांचे. कॅलिपर ज्या दोन दांड्यांवर सरकतो त्या पुसून त्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. आतला पॅड लवकर झिजण्याचे मूळ पुष्कळदा येथे असते.

आठवे काम नवे पॅड बसवणे. हात धुऊन घ्यावेत. मसाल्याच्या बाजूला बोट, ग्रीस किंवा तेल लागू देऊ नये. मसाल्याची बाजू थाळीकडे, लोखंडाची बाजू बाहेर. हे सांगण्याचे कारण असे की घाईत उलटे पॅड बसवणारे लोक आहेत. स्प्रिंगची पट्टी फोटोप्रमाणे बसवून पिना घालाव्यात.

नववे काम कॅलिपर परत चढवणे. थाळी दोन्ही पॅडच्या मध्ये आली पाहिजे. बोल्ट आधी हाताने तीन-चार आटे फिरवावेत, सरळ जात असतील तरच पाना लावावा. तिरपा गेलेला बोल्ट आटे खातो. कॅलिपरचे बोल्ट आणि मग पॅडच्या पिना पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे आवळाव्यात. टॉर्क पाना नसेल तर काम झाल्यावर ओळखीच्या मिस्त्रीकडून एकदा तपासून घ्यावे.

दहावे काम सर्वांत महत्त्वाचे. डबीची पातळी दोन्ही खुणांच्या मध्ये आहे हे पाहून झाकण लावावे आणि गाडी जागची हलवण्यापूर्वी लिव्हर दहा-पंधरा वेळा दाबावी. पिस्टन आपण आत ढकललेला असतो, म्हणून पहिल्या काही दाबांत लिव्हर थेट हँडलला लागते, ब्रेक मुळीच नसतो. दाबत गेल्यावर ती हळूहळू कडक होते. हे न करता गाडी स्टँडवरून उतरवून रस्त्यावर नेली तर पहिल्या वळणावर आपल्या हातात ब्रेक नाही. पॅड घरी बदलणाऱ्याची सर्वांत मोठी चूक हीच, आणि ती टाळायला फक्त अर्धे मिनिट लागते.

लिव्हर कडक झाल्यावर पुढचे चाक उचलून फिरवून पाहावे. ते मोकळे फिरले पाहिजे आणि लिव्हर दाबताच थांबले पाहिजे. कोठे ऑइलचा ओलावा दिसतो का, तेही पाहावे.

पहिले काही दिवस

नवा पॅड थाळीशी जुळायला वेळ घेतो. आधी गल्लीत, चालण्याच्या वेगाने, ओझे न घेता दोन-चार वेळा थांबून पाहावे. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी चाळीसवरून दहापर्यंत वेग हळुवार कमी करावा, असे पंधरा-वीस वेळा करावे आणि मध्ये ब्रेक थंड होऊ द्यावा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जड माल आणि मोठा घाट टाळावा. चाळीसगावहून कन्नडचा घाट किंवा लळिंगचा उतार करायचा असेल तर नवे पॅड आदल्या रात्री बसवू नयेत. आणि कोणत्याही उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवण्यापेक्षा गाडी खालच्या गिअरमध्ये घ्यावी. तापलेला ब्रेक ढिला पडतो.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. नवे डॉट ४ ऑइल २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. उतारावर ऑइल उकळले की नळीत वाफ होते आणि लिव्हर मऊ पडते. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलून घ्यावे. उघडून ठेवलेली जुनी बाटली वापरू नये.

ड्रम ब्रेक असेल तर

आपल्या बहुतेक व्यापाऱ्यांच्या गाड्यांना मागे ड्रमच असतो. त्याच्या बाहेरच्या झाकणावर एक बाण आणि एक खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपर्यंत पोहोचला की लायनर संपले. पायाच्या ब्रेकचा मोकळा खेळ साधारण २० ते ३० मिलिमीटर ठेवावा आणि मागचा नट फिरवून तो जुळवावा, हे काम प्रत्येकाला आले पाहिजे. नट आवळत आवळत शेवटाला आला असेल तर तीही लायनर संपल्याची खूण आहे. लायनर बदलायला मात्र मागचे चाक काढावे लागते, साखळीचा ताण परत जुळवावा लागतो आणि ड्रमला धरून ठेवणारी दांडी तिच्या नट व पिनेसह पक्की करावी लागते. ती सुटली तर चाक जागीच अडकते. म्हणून हे काम पहिल्यांदा मिस्त्रीच्या शेजारी बसूनच शिकावे.

कोठे थांबावे?

घरचे काम पॅड बदलण्यापुरते. लिव्हर दाबूनही मऊच राहत असेल, ऑइल गळत असेल, पिस्टन अडकला असेल, बोल्टचे आटे गेले असतील, थाळीवर नखाला लागतील असे चरे असतील किंवा तिची जाडी थाळीवरच कोरलेल्या किमान आकड्याहून कमी झाली असेल, तर ते काम उस्तादांचे. एबीएसच्या गाडीत चाकाजवळची दातेरी चकती आणि तिची वायर यांना धक्का लावू नये.

कोणी म्हणेल, सर्वांनी घरीच पॅड बदलले तर मिस्त्रींच्या रोजीचे काय? आमचा अनुभव उलट आहे. पूर्वी आम्ही गाडी बंद पडल्यावरच गॅरेजमध्ये जात होतो आणि खर्च ऐकून वाद घालत होतो. आता काय बिघडले आहे हे समजते, म्हणून वेळेवर जातो आणि उस्तादांच्या मेहनतीचे मोल न घासाघीस करता देतो. ज्याला काम समजते त्यालाच कारागिराची किंमत कळते.

भाच्याचे मनगट आता बरे आहे, पण थंडीत दुखते. तो आजही आमच्यामागे गाडीवर बसतो. बसण्यापूर्वी तो खाली वाकून पुढच्या कॅलिपरमध्ये एकदा डोकावतो. आम्ही त्याला काही म्हणत नाही. या आठवड्यात आपणही गठडी बांधण्यापूर्वी एकदा वाकून पाहावे, एवढेच सांगणे आहे.